आत्याबाईंनी हैद्राबाद पाह्यलं

मी मूळची उमापूरची, गेवराईकडची. दिंद्रुडला दिली तवा सोळाची असंल, नीट कुणाला ठावं. सासर लिंगायत दुकानदाराचं, पेठेत बांगड्याचं दुकान, आन घरात सगळ्यांच्या गळ्यात लिंग. माझ्याबी गळ्यात हाय, हे बघा, चांदीच्या डबीत. आंघोळ करून हे तळहातावर घ्यायचं, इभूत लावायची, बेल वाहायचा, पूजा झाली की मंग तोंडात घास, अंडं-मटण तर घरात कधीच न्हाई. माझ्या सासूबाई, आमी त्यांना आत्याबाई म्हणायचो, त्या तर पूजा झाल्याबिगर पाण्याचा घोटबी घेत नव्हत्या. तापानं फणफणल्या तरी न्हाई.

मामंजी दरसाल हैद्राबादला माल आणायला जायचे आन आले की आठ दिवस सांगायचे, चारमिनार असा, तिथली पेठ अशी, मोठं तळं असं, कबुतरं अशी. आत्याबाई म्हणायच्या, मलाबी न्या की एकडाव. ते म्हणायचे, पुढच्या साली. असं चाळीस वर्षं पुढच्या साली, पुढच्या साली करत मामंजी गेले, पुढचं साल काय आलंच न्हाई. मंग मालाचं काम आमच्या मालकाकडं आलं.

त्या साली काय झालं, गावात नवीनच केबल आलती, पेठेत एस्टीडीचं खोकं झालतं, आन पोरी टीव्हीत बघून खड्याच्या बांगड्या मागायला लागल्या. लग्नसराई तोंडावर आन आमचे मालक फटफटीवरनं पडले, पाय पलस्तरात. आत्याबाई म्हणल्या, आमी दोघी जातो. मालक म्हणले, येडी झालीस का आई, तिथली बोली तरी येती का? तर म्हणल्या, मी निजामाच्या राज्यात जन्मलेली हाय, तू न्हाईस. मला तर हसूच आलं.

परळीहून रेल्वेत बसलो, सकाळी उतरलो. काय सांगू तुमाला, मी मान वर करून बघतेय तर इमारतीवर इमारत, आन आत्याबाई मला इचारतेत, गं, इतकी माणसं जेवतेत कुठं? ह्यांचं धुणं कुठं वाळतंय? मला काय ठावं! आधी खोली घ्यावी, आंघोळ-पूजा करून खावं, मंग पेठेत जावं, असा बेत व्हता. पहिल्या लॉजवर गेलो, तर म्हणला, मरद कौन है साथ में? कुणी न्हाई म्हणलं तर, अकेली लेडीज कू कमरा नक्को. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. आत्याबाई त्याला म्हणल्या, कायकू नक्को, हम क्या कमरा खा जाते क्या? पण न्हाई म्हंजे न्हाई.

मी म्हणलं, आत्याबाई, निदान चहा तरी घ्या. न्हाई. त्यांचं वय पासष्टच्या वर, मला तर धडकी भरली, ही बाई रस्त्यात पडली तर मालकाला काय तोंड दाखवू? त्यांना त्याचं कायबी न्हाई. म्हणल्या, खोली मिळंल तवा मिळंल, तवर चारमिनार बघू. गाठोडं काखंत घेऊन गेलो. खाली उभं राहून त्या लई येळ बघत राह्यल्या, भोवती फिरून चारी मिनार मोजले, म्हणल्या, ह्यांनी सांगितलं ते खोटं न्हवतं बघ. चुडीबाजारात तर नुसता लखलखाट. मी बांगड्या निवडतेय आन त्या कारागिराजवळ बसून इचारतेत, लाख कुठनं आणता, हात भाजत न्हाई का, हे खडे चिकटतेत कसे. ओठ सुकून पांढरे पडलते, तरी इचारणं चालूच.

तेवढ्यात त्यांना एक माणूस दिसला, कपाळावर इभुतीचे तीन आडवे पट्टे. म्हणल्या, आपला माणूस! हा मठ दाखवील, मठात उतरू. आमच्याकडं अशीच रीत, परगावी गेलं की इभूत बघायची आन माणूस धरायचा. त्याच्या मागं मागं आमी तीन गल्ल्या गेलो, तो मागं बघून बघून भराभरा चालतोय, आमीबी भराभरा. शेवटी तो एका गाड्यापाशी उभा राह्यला आन आमलेट सांगितलं. आत्याबाईंचं तोंड असं झालं म्हणता! मी पदर तोंडाला लावून हसले, त्या चिडून म्हणल्या, हसतीस काय, चल टेशनकडं.

चालताना त्यांनी माझा खांदा धरला, तवा मला कळलं की आता त्यांच्यात बळ न्हाई. टेशनाजवळ आणखी एक लॉज व्हतं, काउंटरवर म्हातारा मॅनेजर, जाड चष्म्याचा. म्हणला, मरद का नाम? मी घाबरून खोटंच सांगायला लागले, मालक मागनं येतेत म्हणून. तर आत्याबाईंनी माझा हात दाबला. म्हणल्या, खोटं कावून बोलतीस? मरद हाय की आपल्यासंगं. आन गळ्यातली डबी उघडून लिंग तळहातावर घेतलं, त्याच्यापुढं धरलं. म्हणल्या, हमारे में येच मरद. मेरे शोहर चालीस बरस इधर अकेले आए, मेरे कू एक बार नै लाए. ये लाए.

त्यांच्या डोळ्याला पाणी आलतं. मी त्यांना कधी रडताना पाह्यलं न्हवतं, मामंजी गेले तवाबी न्हाई. मंग मॅनेजरनं चष्मा काढला, पुसला, रजिस्टर पुढं वढलं. नाम बोलो अम्मा, म्हणला. त्या म्हणल्या, महादेव. त्यानं लिहिलं. माणसं किती, तर तीन लिहिली, आन गरम पाण्याची बादली वर पाठवून दिली.

आंघोळ झाली, पूजा झाली, दिवस मावळायच्या आत त्यांनी गाठोड्यातल्या दोन भाकरी खाल्ल्या. मंग म्हणल्या, उद्या ते तळं बघू.

आता त्या न्हाईत. लॉजवाले आता आधारकार्ड बघतेत, मरद इचारत न्हाईत. मालाचे फोटो मोबाईलवर येतेत, माल ट्रान्सपोर्टनं दारात. तरी मी दरसाल जाते. सून म्हणती, आत्याबाई, कावून जाता? मी म्हणते, माल दारात यील गं, हैद्राबाद यील का? यंदा तीबी येते म्हणलीय. पुढच्या साली म्हणत व्हती, मी म्हणलं, न्हाई, ह्याच साली.