बाबांचा हात

(गावच्या थिएटरबाहेरच्या पायऱ्या. सोलेन स्वतः काढलेला सिनेमा घेऊन पॅरिसहून माहेरी आली आहे. पहिला खेळ नुकताच सुटलाय. शेजारी तिचा भाऊ एर्वान, समुद्रात कालवांची शेती करणारा.)

एर्वान : ...म्हणून म्हणतो, दवाखान्याचा तेवढा भाग काढून टाक.

सोलेन : वेड लागलंय का तुला? पेपरवाले म्हणतात, सिनेमा हळुवार आहे पण मध्ये ढेपाळतो. तो एकच प्रसंग सगळ्यांना आवडलाय. बाबा जातात, मुलगा हात धरून बसलाय. आत बायका रडत होत्या रे.

एर्वान : बघितलं. बेकरीवाली तर माझा हात सोडेना. म्हणे, असा मुलगा सगळ्यांना मिळो.

सोलेन : मग बिनसलं कुठे? तूच सांगितलंस ना फोनवर?

एर्वान : सांगितलं खरं.

सोलेन : एर्वान, इकडे बघ.

एर्वान : नव्हतो मी तिथे.

सोलेन : म्हणजे?

एर्वान : तेवीस डिसेंबर. नाताळची कालवं पाठवायची होती, त्यात उधाणाची ओहोटी. खालच्या रांगा महिन्यातून दोनदाच उघड्या पडतात, तुला काय नव्याने सांगू. बाबा सकाळी चांगले बोलले होते. डोळा लागला त्यांचा, तसा निघालो. म्हटलं, पाणी चढेस्तोवर कालवांच्या पिशव्या काढू आणि येऊ परत. आलो तर सगळं आटोपलेलं.

सोलेन : जवळ कोण होतं मग?

एर्वान : कुणी नाही. आईलाही मीच घरी धाडलं होतं, जरा पड म्हणून. तिला काय तोंड दाखवणार? म्हणालो, मी होतो. मग तुलाही तेच. आणि तू ते एवढं मोठं करून पडद्यावर लावलंस.

सोलेन : माझंही ऐक मग. मी शूटिंगमध्ये अडकलेय म्हणाले होते ना? शूटिंगबिटिंग काही नव्हतं. घरात इस्त्री करत बसले होते. बाबांना तसं बघायची छातीच झाली नाही. तू हात धरला होतास म्हणालास, तेव्हा इतकं सुटल्यासारखं वाटलं मला. सिनेमा काढला तोही त्यासाठीच.

एर्वान : झकास. दोघांनी मिळून एकटं टाकलं त्यांना.

सोलेन : आईला सांगायचं?

एर्वान : तीन वर्षं रोज ठरवतोय. ती बघ, आलीच.

आई : इथे बसलात होय? कोट घाला, गारठाल. मी सहाच्या खेळाला परत बसतेय.

एर्वान : आई, तो हाताचा प्रसंग... तसं झालं नव्हतं.

आई : ठाऊक आहे. त्या दिवशी घरी आलास ते गुडघाभर चिखलाने माखून. दवाखान्यात कुठला आलाय चिखल?

सोलेन : मग परत कशाला बघतेस?

आई : खोटा का होईना, तेवढा वेळ कुणीतरी हात धरलेला दिसतो त्यांचा.

एर्वान : चुकलो गं आई.

आई : हो, चुकलास. आणि माझ्या वेळी ओहोटी असली, तर जा हो तू. फक्त मला उठवून, सांगून जा.