नोंग क्रिस्पुलोचा डावा स्पीकर

माझ्या नातीचा बाप्तिस्मा झाला त्या वर्षी मी आमच्या बाइस गावात रोदेलच्या गॅरेजपुढे पंक्चर निघायची वाट बघत होतो. तेवढ्यात क्रिस्पुलो, ज्याला सगळे ‘नोंग’ म्हणजे दादा म्हणत, त्याची प्रवासी तीनचाकी घेऊन आला. मोटरसायकलला बाजूने जोडलेल्या डब्यात बायको नेनिता बसली होती.

“रोदेल, डावा स्पीकर मेलाय. गाणं नसलं की पोरं दुसऱ्याच्या गाडीत बसतात.”

“नोंग, दोन्ही वाजतायत की.”

“मला शिकवतोस? वायरी बदल.”

“बदलल्या. आता?”

“डावाच मुका.”

“मग स्पीकरांचीच अदलाबदल करतो. आता?”

“अजून डावाच!”

“नोंग, जरा उतरा. पुढे येऊन गाडीकडे तोंड करा. आता कुठला बंद?”

“आता... गाडीचा उजवा बंद. डावा वाजतोय! काय केलंस तू?”

“मी हातसुद्धा लावला नाही.”

“मग आपोआप बरा झाला?”

“अहो, स्पीकर नाही,” नेनिता डब्यातून ओरडली, “तुमचा डावा कान गेलाय! कधीची सांगतेय, डॉक्टरला दाखवा. आपल्याकडे सगळे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, मागच्या गाड्या डावीकडूनच पुढे जातात. एक दिवस जीव जाईल.”

“तू गप गं. उतरलो की वाजतो, बसलो की बंद. सीटखालीच काहीतरी सैल असणार. रोदेल, सरळ मोठा स्पीकर बसव.”

“नोंग, मग तर मागच्या गाड्यांचा हॉर्नसुद्धा...”

“बसव म्हणतो ना!”

रोदेलने बसवला.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या नऊ तारखेला, सकाळी, डावीकडे वळताना मागून आलेल्या बसची धडक बसून क्रिस्पुलो वारला. नेनिता डब्यात होती. ती वाचली.