धावत्या सायकलस्वाराची झिप लावताना झालेल्या अपघाताबाबत

नाव: ठाण्याच्या नोंदीत दिले आहे, शर्यतीच्या रस्त्यावर सगळे मॅनेजरमामा म्हणतात. वय: ५२. धंदा: व्यावसायिक सायकल संघ चालवणे. (लिहून घेणाऱ्या अंमलदारसाहेबांनी आधी ‘सायकलचे दुकान’ असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले.) राहणार: संघाच्या गॅरेजवरची खोली, पत्नीसह.

ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो ते असे.

माझे शिक्षण नववी. शिलाई मशीन दुरुस्तीपासून सुरुवात केली. चाकाच्या तारा ओढण्यापासून करारपत्र वाचण्यापर्यंत बाकी सर्व मी माझे मीच शिकलो. संघात आठ सायकलस्वार, एक मेकॅनिक आणि एक मालिशवाला आहे. संघाची गाडी पत्नी चालवते, कारण ती माझ्यापेक्षा चांगली चालवते आणि पगार मागत नाही. ज्याच्यामुळे मी आज इथे आहे, तो स्वार माझ्या बहिणीचा मुलगा आहे.

चालत्या गाडीतून अर्धे बाहेर येण्याचे कारण काय, असे मला विचारण्यात आले. त्यासाठी आधी धंदा सांगावा लागेल, असे मी म्हणालो. ‘थोडक्यात सांगा’ असे अंमलदारसाहेब म्हणाले. थोडक्यात असे, की नाटकाला तिकीट असते, सर्कशीला असते. आमचा प्रेक्षक रस्त्याच्या कडेला फुकट उभा राहतो, वर स्वाराकडेच पाण्याची बाटली मागतो. खर्च मात्र थांबत नाही. टायर फाटतात, चाके वाकतात, आठ जण सोळा जणांचे जेवतात, आणि सायकली बाहेर ठेवल्या तर चोरीला जातात म्हणून हॉटेलात त्यांनाही वेगळी खोली घ्यावी लागते. हे सगळे जर्सीच्या छातीवर चालते. छातीवर ज्याचे नाव, तो खर्च देतो. आमच्या छातीवर गाद्या बनवणाऱ्या शेठजींच्या कंपनीचे नाव आहे. (ते इथे ठळक लिहावे अशी मी विनंती केली. ठाणे ही जाहिरातीची जागा नाही, असे सांगण्यात आले.)

जर्सीला पुढे झिप असते. चढावर उकडले की स्वार ती उघडतो. मग नावाचे दोन तुकडे होऊन एक या बगलेत आणि दुसरा त्या बगलेत फडफडतो. म्हणून आमच्यात रीत अशी, की जिंकणाऱ्याने शेवटच्या रेषेच्या जरा आधी हात सोडून झिप गळ्यापर्यंत लावायची. फोटोत नाव अख्खे यायला हवे.

त्या दिवशी शेठजी गाडीत पुढच्या सीटवर होते. पुढच्या हंगामाचा करार त्यांच्या मांडीवर होता. शर्यत संपल्यावर ते सही करणार होते. सही झाली नसती तर संघ बंद पडणार होता. हे मी फक्त पत्नीला सांगितले होते.

भाचा शेवटच्या चढावर एकटा पुढे निघाला. तो आजवर कधी जिंकलेला नाही. पुढे राहून स्वतः वारा अंगावर घेऊन मागच्या साथीदाराला जिंकवणे, हेच त्याचे काम. मागून बाकीचे सगळे त्याला गाठायला येत होते.

शेठजी म्हणाले, “माझं नाव कुठंय?”

मी मागच्या सीटवरून म्हणालो, “लावेल की झिप. शेवटी लावतात.”

“आत्ता लावायला सांगा. कॅमेरा आत्ता आहे.”

गाडी शेजारी घेऊन मी खिडकीतून सांगितले. भाच्याचे उत्तर शब्दशः असे: “मामा, जिंकू का कपडे घालू?”

पत्नी म्हणाली, “अहो, संघाच्या गाड्यांनी इथून बाजूला वळायचंय. पाटी दिसतीये ना?”

शेठजी म्हणाले, “वळलात तर मी सही करत नाही.”

मी पत्नीला सरळ जायला सांगितले. तिने आरशातून माझ्याकडे बघितले आणि सरळ गेली. कसे बघितले, ते जबाबात आवश्यक नाही.

त्यानंतर मी कमरेपर्यंत खिडकीबाहेर गेलो. मी आयुष्यात पुष्कळ झिपा बसवल्या आहेत, पण धावत्या माणसाची ही पहिलीच. झिप मी व्यवस्थित वरपर्यंत लावली. मात्र तिच्यात माझ्या शर्टाची बाही अडकली. त्यामुळे काही अंतर भाचा, मी आणि गाडी असे एकत्र गेलो.

भाचा ओरडत होता, “मामा, सोडा!”

मी ओरडत होतो, “अरे, मी धरलेलंच नाहीये!”

शेठजी ओरडत होते, “दिसतंय! दिसतंय!”

पत्नीने ब्रेक लावला. बाही खांद्यापासून फाटून भाच्यासोबत पुढे गेली आणि मी खिडकीतून खाली आलो. गाडी रेषेजवळ नावे पुकारणाऱ्या लाउडस्पीकरवाल्याच्या टेबलाला लागली. ‘धडकली’ हा शब्द मला मान्य नाही. टेबल अजून उभे आहे.

स्वाराने गाडीचा आधार घेतला, असे शर्यतीच्या पंचांचे म्हणणे असल्याने निकाल अडकला आहे. आज ठाण्याच्या व्हरांड्यात शेठजींनी मला बाजूला घेतले. ते म्हणाले, “पोरानंच हात मागितला असं सांगा. तो बाद होईल, पण वय आहे त्याचं, पुन्हा जिंकेल. तुमच्यावर काही येणार नाही, आणि मी इथंच सही करतो.”

पत्नी शेजारी होती. ती म्हणाली, “ह्यांना खोटं जमत नाही शेठजी. तपशील फार देतात.”

तरी लिहून घ्यावे, की भाच्याचे दोन्ही हात शेवटपर्यंत हँडलवर होते. त्याने आधार मागितला नाही, घेतला नाही. उलट ब्रेक लागल्यावर मीच त्याला मागे खेचत होतो. झिप मी माझ्या मनाने लावली. गाडीही माझ्या सांगण्यावरून पुढे गेली, त्यात पत्नीचा दोष नाही. हे मी मोठ्या आवाजात सांगत असताना शेठजी करार घेऊन निघून गेले.

रेषा आधी कोणी ओलांडली हे पाहिले का, असे विचारले. पाहिले नाही. न पाहिलेले मी सांगत नाही. त्या वेळी मी टेबलाखाली होतो. वर लाउडस्पीकर चालू होता. आमच्या स्वारांना तो माणूस नेहमी गादीच्या नावानेच पुकारतो, कारण छातीवर जे असेल तेच वाचतो. त्या दिवशी छातीवर माझी बाही लोंबत होती. त्यामुळे तो पुकारता पुकारता थांबला. कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्याने भाच्याचे नाव घेतले. माझ्या बहिणीने ठेवलेले, अख्खे. ते मी टेबलाखालून नीट ऐकले.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर मी तो स्वतः वाचून दोन स्वल्पविराम घातले. बोललो तसाच उतरला आहे, बरोबर आहे.

सही