डोळा डावा होता!

...आन वर दवाखानेवाले मलाच विचारतात, काका, तुमचं नुकसान काय झालं ते सांगा! आता तुम्हीच बोला मंडळी, दुखणं डाव्या डोळ्याचं, कापला उजवा, आन नुकसान मी हुडकायचं? डावा हो, डावा!

तुम्हाला सांगतो, मी सावळीराम. नामपूरला कांद्याची आडत हाय माझी. लिलावात ट्रॅक्टर उभा ऱ्हायला की नुसत्या नजरेनं माल सांगणारा माणूस... धंदाच डोळ्यावर! डाव्यात मोतीबिंदू पिकला म्हणून नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. नर्सबाईनं डाव्या भुवईच्या वर पेनानं बाण काढला. झ्याक! पण आमची साळूबाई! 'आवो, चांगल्या कामाला चालले आन कपाळावर काळं?' पदरानं बाण पुसला, कुंकू लावलं आन ओवाळलं. कुंकू कुठं? मधोमध!

आत तोंडावर हिरवं फडकं. डॉक्टरसाहेब उजव्या डोळ्याला चाचपायला लागले तसा मी बोंबललो, 'साहेब, डावा!' 'काका, बोलायचं नाही, डोळा हलतो.' 'आवो पण डावा...' 'एकदम रिलॅक्स!' आता सुरी ज्याच्या हातात त्याच्याशी काय हुज्जत घालणार? झालो रिलॅक्स!

बाहेर आलो तर साळूबाईनं किंकाळीच फोडली, थेट अहिराणीत, 'आवो, पट्टी ते उजवा डोयावर शे!' नर्सबाईनं काय म्हणावं? 'आजी, तुम्ही समोरून बघताय ना, म्हणून उलटं दिसतं.' साळूबाई बिचारी माझ्या पाठीमागं जाऊन बघून आली. तरी उजवाच!

डॉक्टर आले, हसले. 'काका, उजव्यातही थोडा होताच की मोतीबिंदू! आज ना उद्या काढावाच लागला असता.' म्हणजे उपकार! न्हाव्याकडं दाढीला बसलो आन त्यानं डोकं भादरलं, तर 'केस वाढलेच होते' म्हणायचं का? लय संताप झाला हो. 'चुकलं' एवढा एक शब्द म्हणा, मी घरी जातो म्हणलं. नाय म्हणाले! मग पुतण्यानं, योगेशनं, ग्राहक मंचात केस टाकली. तिथं त्यांचा वकील काय म्हणतो? 'खूण पेशंटच्या बायकोनं पुसली. आणि उजव्या डोळ्यानं तर उत्तम दिसतंय!' आरे, पण डावा होता ना, डावा!

वकील तारखा घेतोय, इकडं डावा पार दुधाळ झाला. लिलावात डावीकडचा शेतकरी हाका मारतोय आन मला त्याचा ट्रॅक्टर दिसंना. रडूच आलं एक दिवस. नाशिकमधले दुसरे डॉक्टर धुंडाळले. बसवतात, चहा पाजतात, आन हळूच विचारतात, 'काका, केस चालूय म्हणे? मग तिथंच दाखवा ना!' डोळ्याला कुणी हात लावीना!

शेवटी काय... गेलो. त्याच दवाखान्यात, त्याच टेबलावर, त्याच हिरव्या फडक्याखाली. म्हणलं, 'साहेब, डावा बरं का... डावा!' तर डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला. 'काका, बिनधास्त राहा. आता चुकायला दुसरा डोळाच उरला नाही.'

पहिल्यांदाच पटलं त्यांचं. पडलो गुमान.