उरलंसुरलं कुणाच्या पोटात?

मंडळी, ऐका! बाळंतीण घरी निघाली होती. पिशव्या भरलेल्या, रिक्षा दारात उभी, बाळ दुपट्यात गुंडाळलेलं. डॉक्टरीणबाई स्वतः पायरीपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "हेमांगी, गरोदरपणात तुझी साखर वाढली होती. आता उतरलीय, पण ती कायमची गेली असं धरून चालू नकोस. वजन आटोक्यात ठेव. दर वर्षी रक्त तपासून घे. विसरशील हं!"

हेमांगी काय म्हणाली? "हो, हो मॅडम!" आणि इतक्या नम्रपणे म्हणाली, की तोंडात डिंकाचा लाडू आहे हे कुणाला कळलंसुद्धा नाही!

हसा, हसा. मग आजच्या प्रश्नाकडे वळू. प्रश्न अगदी सोपा आहे. ताटातलं उरलेलं अन्न टाकणं पाप — मान्य? माना हलवा बघू. ते खांबाला टेकलेले काका, तुमचीही मान हलू द्या, झोपेत हलली तरी मी धरीन! मान्य. बरं, मग तेच अन्न भूक नसताना स्वतःच्या पोटात टाकणं, हे काय? पुण्य? केराच्या डब्यात पडलं तर पाप आणि घरच्या बाईच्या पोटात पडलं तर पुण्य, असा हिशेब देवानं कधी सांगितला? मला तर आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल तर कीर्तन संपल्यावर भेटा!

एकदा नामाचा गजर करू, घसा मोकळा करू, आणि निघू हेमांगीच्या घरी.

घर कसलं? गावाबाहेरच्या कॉलनीतलं. पुढे तुळस, मागे धुण्याचा दगड, मधे चार माणसं. हेमांगी, नवरा निरंजन, सासूबाई कुमुदताई, आणि ते दुपट्यातलं बाळ, आता चार वर्षांची झालेली शर्वी. हेमांगी शिकलेली हो! सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी. न दिसणारे जंतू तिला दिसायचे. शर्वी तान्ही असताना तिची बाटली उकळायची, मग ज्या चिमट्यानं उचलायची तो चिमटा उकळायची! पोर जरा शिंकली, की ही थर्मामीटर घेऊन हजर. पोरीचं वजन, सासूबाईंची रक्तदाबाची गोळी, नवऱ्याच्या डब्यातली कोशिंबीर — साऱ्यांवर डोळा. घारीसारखा! त्या घरात एकच माणूस असा होता, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कोण बरं? सांगा, सांगा. बायका सांगतायत, पुरुषमंडळी अजून विचारात आहेत. चालू द्या.

आता तिची दिनचर्या ऐका. सकाळी शर्वीला पराठा. पोरगी काय करणार? मधला मऊ भाग खाणार आणि कडा ठेवणार! "आई, मला कडा नको." कडा आईच्या तोंडात. दुधाच्या पेल्यात तळाला साय. "आई, साय!" साय आईच्या तोंडात. निरंजन घाईत निघणार, पोह्यांची बशी अर्धी तशीच. "उशीर झाला गं, तू संपव." संपवली. सासूबाई पातेल्यात डोकावणार, "अगं, एवढासा भात राहिलाय. एवढ्याशासाठी कुठे भांडं अडवून ठेवतेस? तोंडात टाक, की मोकळी." तोंडात टाकला, मोकळी झाली. पातेलं मोकळं झालं हो, ती कुठली मोकळी!

आणि हे सगळं कसं? उभ्यानं. ओट्याशी. एका हातानं कुकरची शिट्टी काढत, दुसऱ्या हातानं घास. मग दुपारी सगळ्यांची जेवणं झाली, की तिला भूकच नसायची. म्हणजे ती जेवायचीच नाही! आणि मैत्रिणीला फोनवर अगदी कळवळून सांगायची, "अगं खरं सांगते, दिवसभर मी काही खातच नाही! तरी वजन वाढतंय. माझी प्रकृतीच तशी."

पेटीवाले हसले! तुम्ही का हसलात? तुमच्याही घरात कुणाची प्रकृतीच तशी आहे वाटतं?

तर एके दिवशी बांगडीवाली आली. हेमांगीनं हात पुढे केला. बांगडीवालीनं तो दाबला, चोळला, वळवला, साबण लावला, आणि म्हणाली, "ताई, आता वरचं माप घ्या." बस! डॉक्टरीणबाईंनी सांगून जे शिरलं नव्हतं, ते बांगडीवालीनं मनगटातून शिरवलं. हेमांगी हट्टाला पेटली. वजन उतरवायचंच!

मग काय काय झालं म्हणता! सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध. छान. त्याच्यावर पराठ्याच्या कडा. आणखी छान! चालायला जाण्यासाठी बूट आणले. बुटांचा रंग मोठा सुंदर होता, तो कितीतरी दिवस तसाच राहिला, झिजला म्हणून नाही. मग उपवास धरले. वा! उपवास म्हणजे काय, तुम्हाला वेगळं सांगायला नको. साबुदाण्याची खिचडी, वर तूप, वर दाण्याचा कूट, बाजूला बटाट्याची भाजी, तोंडी लावायला रताळ्याच्या गोड फोडी. देव सुद्धा वरून म्हणत असेल, बाई, तुझा उपवास सोड आणि जरा साधं जेव!

चातुर्मास लागला. सासूबाई म्हणाल्या, "काहीतरी नेम धर. काहीतरी सोड." हेमांगीनं डोळे मिटून संकल्प केला. कार्लं सोडलं! जन्मात कधी आवडलं नव्हतं ते कार्लं! नवरा पण कमी नाही, त्यानंही सोडलं. कार्ल्यावर असा वैराग्याचा डोंगर कोसळला, की भाजीवालीला चिंता पडली.

इथपर्यंत आपण हसलो. आता जरा थांबा.

शर्वीच्या बालवाडीत मुलांच्या आयांसाठी साखरेची तपासणी ठेवली होती. बोटाला टोचलं. मागाहून प्रयोगशाळेतूनही खात्री करून घेतली. अहवाल बघून डॉक्टरांनी चष्मा वर केला. "साखर सीमेवर आहे. अजून पलीकडे गेलेली नाही. पण वजन उतरवलं नाही, खाण्याला शिस्त लावली नाही, तर जाईल. घरी लहान मूल आहे ना?"

घरी लहान मूल आहे ना! हेमांगी परतली ती शर्वीचं बोट घट्ट धरून. पोरगी म्हणते, "आई, दुखतंय बोट!" तिनं सैल केलं आणि पुन्हा घट्ट धरलं. तिच्या मनात काय काय येऊन गेलं असेल? हिच्या वेण्या कोण घालेल? हिला ताप आला तर कोण जागेल? मी आंधळी झाले तर, माझे पाय गेले तर? शिकलेल्या माणसाला भीती सुद्धा सविस्तर वाटते हो!

आता तुम्ही म्हणाल, भीतीनं तरी सुधारली असेल. सुधारली ना! चांगली संध्याकाळपर्यंत सुधारली! संध्याकाळी शर्वीनं शिऱ्याची वाटी अर्धी ठेवली. "आई, बास." हेमांगीनं वाटीकडे पाहिलं, केराच्या डब्याकडे पाहिलं. तुपातला शिरा, बेदाणे घातलेला. टाकायचा कसा? खाल्ला. आणि खाताना रडली. मंडळी, रडत रडत शिरा खाणारी बाई मूर्ख वाटते ना? वाटू दे. तिला मरायची भीती होती, पण अन्न टाकायची भीती त्याहून मोठी होती. लहानपणापासून घातलेली!

मग उजाडला श्रावणातला शुक्रवार. पुरणावरणाचा स्वयंपाक, आणि सवाष्ण जेवायला बोलवायची. कॉलनीतल्या देवधरकाकूंना आमंत्रण होतं. पाट मांडला, ताटाभोवती रांगोळी काढली, उदबत्ती लावली, नैवेद्य झाला. आणि काकूंचा फोन! "अहो कुमुदताई, पाय मुरगळलाय. पाऊल टेकवत नाही. मी काही येत नाही, माफ करा."

आता? पुरण तयार, पाट मांडलेला, सवाष्णीचा पत्ता नाही! कुमुदताई दोन मिनिटं ओट्याशी उभ्या राहिल्या. मग वळल्या. "हेमांगी, तूच बैस."

"मी? अहो आई, मी वाढते ना. मी काय, मागाहून—"

"तू सवाष्ण नाहीस का? बैस म्हणते ना! मुहूर्त टळेल."

हेमांगी अशी अंग चोरून बसली, जणू परक्याच्या घरी आलीय. कुमुदताईंनी हळदकुंकू लावलं. गरम पोळी वाढली. वर तुपाची धार. कटाची आमटी, वरणभात, काकडीची कोशिंबीर. आणि शर्वी दारात येऊन उभी राहिली. ताटाकडे बघतेय, आईकडे बघतेय. डोळे हे एवढे मोठे!

"आजी," ती म्हणाली, "आज आईलापण ताट?"

…

ऐकलंत? पोर खोडसाळपणे बोलली नव्हती हो. तिला खरंच नवल वाटलं होतं. चार वर्षांत तिनं आईला ताटावर बसलेलं बघितलंच नव्हतं! देवाला ताट असतं, बाबांना असतं, आजीला असतं, आणि आई म्हणजे ती, जी उरलेलं खाते. उन्हाळा, पावसाळा असतो, तशी ती असते! कुमुदताईंच्या हातातला तुपाचा चमचा तसाच राहिला. हेमांगीनं हातातला घास परत ताटात ठेवला. कारण तिला ऐकू आलं होतं ते पुढचं — ही पोरगी मोठी होईल, हिला एक ओटा मिळेल, आणि ही सुद्धा उभी राहील!

"ये," हेमांगी म्हणाली, "इथे बस माझ्याजवळ. बघ आई कशी जेवते ते."

आणि जेवली. मांडी घालून. चावून. आधी कोशिंबीर, आमटी, भात, मग पोळी. अर्धी पोळी झाली आणि तिला काहीतरी वेगळंच वाटलं. तिनं ओळखलंच नाही आधी. मग कळलं. पोट भरलंय! कितीतरी दिवसांत तिला भूक लागल्याचं कळलं नव्हतं, तर भरल्याचं कुठून कळणार?

"आई, बास. झालं माझं," ती सासूबाईंना म्हणाली.

"अगं, अर्धी पोळी राहिली!" असं म्हणत कुमुदताईंनी काय केलं माहितेय? सवयीनं हात घातला ताटात! ती अर्धी पोळी उचलली आणि स्वतःच्या तोंडाकडे नेली. उभ्या उभ्या! हेमांगीनं चटकन त्यांचं मनगट धरलं.

"नको ना, आई."

"मग टाकायची का?"

"झाकून ठेवू. भूक लागेल त्याला देऊ. आणि उद्यापासून कणीकच कमी भिजवू."

मग कुमुदताई हळूच म्हणाल्या, "मला सुद्धा कुणी कधी धरलं नव्हतं गं मनगट." आणि पोळी खाली ठेवली.

पुढे चमत्कार झाला का? नाही! तुम्हाला चमत्कार हवा असेल तर पुढच्या गल्लीत दुसरं कीर्तन आहे. दुसऱ्या दिवशी शर्वीनं पुन्हा कडा ठेवल्या, आणि हेमांगीचा हात पुन्हा गेला. अर्ध्या वाटेवरून परत आला. मग पराठाच लहान लाटायला लागली. पोरीला आधी थोडं वाढायचं, मागितलं तर आणखी. निरंजनला सांगितलं, "तुझी बशी तू संपव, नाहीतर झाकून ठेव आणि संध्याकाळी खा." तो म्हणाला, "शिळे पोहे?" ती म्हणाली, "मला चालायचे ना?" पहिल्यांदाच त्याचे कान लाल झालेले दिसले! आणि दोघी सासूसुना समोरासमोर ताटं घेऊन बसायला लागल्या. तेव्हा कुठे ते रंगीत बूट चिखलात गेले. कार्लं सुद्धा परत आलं, बिचारं! वजन उतरलं ते सावकाश, कुरकुरत, मधूनच थोडं परत चढत. साखर सीमेच्या अलीकडे आली, तीही उड्या मारत नाही. पण आली. आणि शर्वी भातुकलीत आता एक ताट जास्त मांडते.

तर मंडळी, आता तुमच्याकडे वळते. पुढच्या रांगेतल्या पुरुषांकडे आधी! तुम्ही इतकं छान ऐकलंत, माना डोलावल्यात, टाळ्या दिल्यात. आता घरी जाल, जेवाल, ताटात चमचाभर भाजी ठेवून उठाल, आणि ती कुठे जाते याचा विचार करणार नाही. आज करा! आणि बायांनो, तुम्ही पदर तोंडाला लावून हसताय, त्याच पदराआड कितीजणींनी निघताना पातेल्यातला भात उभ्यानं संपवलाय? हात वर करू नका. मला माहितेय.

आरती होईल, प्रसाद मिळेल, तो बसून खा. आणि मग एक काम करा. तुमची कुणीतरी आहे — बहीण, वहिनी, लेक, मैत्रीण. लहान मूल कडेवर असलेली. तिला आज फोन करा. "जेवलीस का?" असं विचारू नका, ती "हो" म्हणेल. तिला विचारा, "काय वाढून घेतलंस? कुठे बसून खाल्लंस?" आणि उत्तर द्यायला तिला वेळ लागला, तर फोन ठेवा आणि तिच्या घरी जा. तिला पाटावर बसवा, आणि तुम्ही वाढा.