महिन्यामागचा ताप

(कोल्हापुरातलं लहान मुलांचं एक हॉस्पिटल, दुपारची वेळ. डॉक्टर स्नेहल, आजारी तेजूचा बाप पिराजी आणि पिराजीची आई आक्का.)

डॉक्टर : ...तरी पुन्हा विचारते. गेल्या महिना-दीड महिन्यात घरात कुणाला कोरोना झाला होता?

पिराजी : न्हाय म्हणून सांगितलं की मॅडम! कितींदा इचारताय? गावाकडच्या डॉक्टरनं अपेंडिक्स सांगितलंय. कापा आणि मोकळं करा पोरीला.

डॉक्टर : पोट दुखतंय खरं, पण पाच दिवस ताप, डोळे लालभडक, अंगावर पुरळ. अपेंडिक्सनं डोळे लाल होत नाहीत, पिराजीभाऊ. आणि तेजूचं हृदय दमायला लागलंय.

पिराजी : हृदय? आठ वर्साच्या पोरीचं? गेल्या आठवड्यापतोर सायकल मारत हुती! अन् कोरोना पोरास्नी काय करतोय? टीव्हीवरच सांगत्यात.

डॉक्टर : खरंच आहे ते. पोरांची प्रतिकारशक्ती लई चपळ. विषाणू नाकात शिरला, की बहुतेक वेळा तिथंच धरून बडवते. दोन दिवस शिंकतात आणि खेळायला पळतात. पण हजारो पोरांत एखाद्याचं वेगळं होतं. चोर पळाला तरी राखणदार थांबत नाही, महिन्यानं घरातलीच भांडी फोडत सुटतो. तसं असलं तर कापायचं नाही, औषधच वेगळं. आणि ते आजच द्यायला हवं.

पिराजी : आमच्यात तसलं काय न्हवतं.

आक्का : पिऱ्या.

पिराजी : आक्का, तू गप बस.

आक्का : गप बसूनच ही वेळ आलीया! बाई, समद्या घराला झालता. माझी तर तोंडाची चवच गेलती, भाकरी खाल्ली काय नि माती खाल्ली काय. तेजू एक दिस शिंकली, दुसऱ्या दिशी उड्या मारत हुती. पाच आठवडं झालं.

डॉक्टर : तपासणी केली नाही?

आक्का : कशाची तपासणी! गावात कळलं की डेअरीत दूध घेत न्हाईत. तीन म्हशी दुभत्या. ह्यो म्हणला, थंडीताप म्हणून सांगायचं. म्या बी व्हय म्हणलं.

पिराजी : मॅडम, मला काय बी बोला. पोरीला वाचवा.

डॉक्टर : बोलायला वेळ कुठाय? सिस्टर, ऑपरेशन रद्द म्हणून कळवा. अँटीबॉडीसाठी रक्त पाठवा, आणि निकालाची वाट न बघता इम्युनोग्लोब्युलिन आणि स्टेरॉइड चालू करा. त्यानं तो राखणदार आवरेल, आक्का.

आक्का : बरी हुईल न्हवं, बाई?

डॉक्टर : दोन-तीन दिवस कठीण आहेत, आक्का. पण वेळेत आलाय. अशी बरीच पोरं इथनं चालत घरी गेलीत, तेजूही जाणार. आता हे सांगा, तेव्हा तिच्याबरोबर खेळायला कोण होतं?

पिराजी : शेजारच्या भाऊसोची मनाली. दोघी दिसभर एकाच ताटात... आयला! मनालीला बी चार दिस ताप हाय म्हणं. काल फोन आलता त्येचा.

आक्का : लाव फोन.

पिराजी : आगं, भाऊसो डेअरीचा सेक्रेटरी हाय. गावभर हुईल.

आक्का : हू दे.

पिराजी : ...हॅलो, भाऊसो? मनालीचं डोळं लाल झाल्यात काय रं? ...पोट बी दुखतंय? ...ऐक. आमच्या घरात कोरोना झालता. सगळ्यास्नी. ...व्हय, लपवलं. ...व्हय, तुझ्यापासनं बी. शिव्या मागनं दे रं, आधी गाडी काढ.