ओली फरशी

आमची चिनी चार वर्षांची असतानाची गंमत सांगते. तेव्हा आम्ही हिंगणघाटला राहायचो. गॅसवर दूध ठेवून मी अंगणात कपडे वाळत घालायला गेले, तर हिनं आतून खालची कडी लावून घेतली. मी धावत गेले अन् खिडकीतून ओरडले, "चिनी, कडी काढ! दूध उतू जाईन!"

आतून शांत आवाज आला, "दूध वर आलतं. मी गॅस बंद केला."

"मंग दार काऊन लावलं?"

"मी फरशी पुसून राह्यली न! वाळली की उघडतो."

मी पायरीवर बसले. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काऊन व, बाहेर बसली?"

मी ऐटीत म्हटलं, "आमच्या मालकीणबाई फरशी पुसून राह्यल्या!"